पालथी वाटी

सोमवारी दळणाच्या डब्याजवळ.
मंगळवारी मशीनच्या पायडलखाली.
बुधवारी तर ऐन उंबऱ्यात,
दार उघडं असून, गल्ली समोर असून.

तेरा वर्षांत या कुत्र्यानं
घरात शेपूटसुद्धा जोरात आपटलं नव्हतं.

देगलूर रोडवर डांबर पडत होतं, त्या साली
रोलरच्या सावलीत सापडला,
पोटाला काळे गोळे चिकटलेले.
रॉकेलचा बोळा फिरवून एकेक सोडवला मी.
नाव आपसूक पडलं. डांबऱ्या.

आता एप्रिल, उदगीर, दहाव्या दिवशी नळ.
भांड्यांचं पाणी न्हाणीला, न्हाणीचं कढीपत्त्याला,
त्यात फरशी धुवायला वेगळं कुठून आणू?
म्हणून चिंध्या.
ब्लाउजच्या कातरणांचं गाठोडं होतंच,
अबोली, मोरपंखी, लग्नसराईतला तो शेंदरी.
नवऱ्यामुलींच्या अस्तरांनी मी त्याचं मूत पुसलं
आणि पुसता पुसता त्याला बोलले.
काय बोलले ते लिहीत नाही.
तो भिंतीकडं तोंड करून ऐकायचा.

लेक फोनवर म्हणाला, बाहेर बांध.
शमशादभाभी म्हणाल्या, उमर झाली त्याची, होतंच असं.
आणि मला सुचली एक युक्ती,
इतकी सोपी की स्वतःचीच पाठ थोपटावी वाटली:
आत कमी गेलं तर बाहेर कमी येईल.

दिवे लागले की त्याची वाटी पालथी.
ॲल्युमिनियमची वाटी, काठावर पिल्लूपणीचे दात.
दोन रात्री.

दोन रात्री तो तिच्यापाशी बसून होता.
भुंकला नाही.
एकदा फक्त नाकानं ढकलली,
ती फरशीवरून खरखरत भिंतीपर्यंत गेली
आणि मी कूस बदलली.

तिसऱ्या दिवशी पहाटे तो मोरीत दिसला,
जाळी चाटताना.

जनावरांच्या कॉलेजात एका म्हशीमागं आमचा नंबर.
गिरवलकर नावाची पोरगी, हातावर विटलेली मेंदी,
अजून शिकतच असावी.
फार पाणी पितो?
पितो.
खाऊनही वाळलाय?
तेवढं माझ्या ध्यानात नव्हतं.
मग तिनं विचारलं,
मावशी, तो करतो तिथं मुंग्या लागतात का?

लागतात.
लागत होत्या की.
तांबड्या, बारीक, उंबऱ्याखालून रांगेनं.
मी दहा रुपयांचा मुंग्यांचा खडू आणून
डागाभोवती रोज नवा गोल आखत होते.
उभा जन्म खडूनं खुणा करण्यात गेला,
इथं कापायचं, इथं टीप, इथं दोन बोटं सोडायची.
हा गोल मीच काढला
आणि मलाच वाचता आला नाही.

साखर आहे त्याला, ती म्हणाली.
पाणी मात्र कधी तोडू नका हं.
छे, कधीच नाही, मी म्हणाले.
टेबलावर डांबऱ्या पुढचे पाय आखडून बसला होता.
कुत्रं चुगली करत नाही.

औषधाची बाटली भाभींच्या फ्रिजात असते,
विरजणाच्या पातेल्याला टेकून.
सकाळ-संध्याकाळ त्याच्या मानेची कातडी
चुण घेतल्यासारखी चिमटीत धरते
आणि सुई घालते.
पहिल्या दिवशी हात थरथरला, माझा,
चाळीस वर्षं सुई धरलेला.

पूर्ण बरा होईल असं ती पोरगी म्हणाली नाही.
अजून कधीमधी फरशी ओली सापडते.
खडू कोनाड्यात पडून आहे.
मुंग्या येतात, आल्या तर आधी वाकून बघते,
किती, कुठवर.

रात्री वाटी भरते. गाळलेलं, वरचं पाणी.
नळ यायला दोन दिवस असतात,
पिंपात तांब्या तळाला घासतो, तरी.
मध्यरात्री लपलप सुरू होते,
थांबते, पुन्हा सुरू होते,
मला वाटतं संपली असेल, उठावं का,
तर तो येतोच मशीनखाली,
ओली हनुवटी चिंध्यांच्या गाठोड्यावर टाकतो
आणि सुस्कारा सोडतो मोठा, माणसासारखा नव्हे,
कुत्र्याचाच.

शेंदरी अस्तर भिजतं.
वाळेल उद्या.